तेलाच्या देशात पर्यटक आणताना: गॅबनमधल्या एका लॉजचं प्रकरण

मध्य आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॅबन या देशाचं नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर नसतं. प्लायवूडच्या दुकानात ‘ओकुमे फेस’ म्हणून जो पातळ गुलाबीसर पापुद्रा दाखवतात, तो ज्या झाडाचा असतो त्या झाडाचं हे गाव, एवढी ओळख सुरुवातीला पुरे. हे प्रकरण त्या देशाच्या किनाऱ्यावरच्या लोआंगो राष्ट्रीय उद्यानातलं आणि तिथे पर्यटनाचा धंदा उभा करू पाहणाऱ्या एका युरोपीय गुंतवणूकदाराचं आहे. गुंतवणूकदार, त्याची कंपनी आणि लॉज यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. देश, उद्यान आणि सरकारी निर्णय मात्र जाहीर माहितीतले आहेत.

पार्श्वभूमी

गॅबन क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान आहे, सुमारे 2 लाख 68 हजार चौरस किलोमीटर. लोकसंख्या आजही एकट्या नागपूर शहराच्या आसपास भरेल, आणि त्यातले बहुसंख्य लोक शहरांत राहतात. उरलेल्या जागेवर जंगल आहे. देशाचा जवळपास 88 टक्के भाग विषुववृत्तीय वर्षावनाने झाकलेला आहे.

हे जंगल टिकलं त्यामागे तेलाचा हात आहे. 1960 मध्ये फ्रान्सपासून स्वातंत्र्य मिळालं आणि 1970 च्या दशकात तेलाचा पैसा वाहू लागला. लोक गावं सोडून राजधानी लिब्रव्हिल आणि पोर्ट-जांती या शहरांत आले. शेती मागे पडली, भाजीपाल्यापासून कोंबडीपर्यंत बरंच काही बाहेरून येऊ लागलं. शेतीसाठी जंगल तोडायची फारशी गरजच उरली नाही. लाकूडतोड चालू होती, पण ओकुमेची निवडक झाडं काढून नेण्यापुरती.

तेलाचं उत्पादन 1997 मध्ये शिखरावर होतं, दिवसाला सुमारे 3 लाख 70 हजार पिंपं. मग उतरण लागली. या उत्पादनात रबी नावाच्या तेलक्षेत्राचा मोठा वाटा होता. 1985 मध्ये सापडलेलं हे तेलक्षेत्र पुढे जी दोन राष्ट्रीय उद्यानं झाली, लोआंगो आणि मुकालाबा-दुदू, त्यांच्या मधोमध आहे. ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण शेवटी तिथेच यायचं आहे.

याच सुमारास, 1999 आणि 2000 मध्ये, माइक फे हा अमेरिकी संशोधक काँगोच्या जंगलातून पायी निघून गॅबनच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 3,200 किलोमीटर चालत आला. त्याच्या मोहिमेतली छायाचित्रं राष्ट्राध्यक्ष ओमर बोंगो यांच्यासमोर मांडली गेली. 1967 पासून सत्तेवर असलेल्या बोंगोंनी सप्टेंबर 2002 मध्ये जोहान्सबर्गच्या जागतिक परिषदेत जाहीर केलं की गॅबन 13 राष्ट्रीय उद्यानं करणार. देशाची सुमारे 11 टक्के जमीन. त्याआधी देशात एकही राष्ट्रीय उद्यान नव्हतं. उद्यानांच्या हद्दीत येणारे लाकूडतोडीचे परवाने सोडवून घ्यावे लागले. एकाच माणसाच्या शब्दावर देश चालत असला की असे निर्णय एका दिवसात होतात. त्यांची दुसरी बाजू कळायला मात्र वर्षं जातात.

तेल संपत आलं की काय करायचं, या प्रश्नाला तेव्हा दिलं गेलेलं उत्तर होतं पर्यटन. निसर्ग पर्यटनासाठी नावाजलेल्या देशावरून ‘आफ्रिकेचं कोस्टारिका’ हा शब्दप्रयोग त्या काळात सर्रास ऐकू यायचा.

लोआंगो कसं आहे

कागदावर पाहिलं तर अशी जागा शोधून सापडणार नाही. सुमारे 1,550 चौरस किलोमीटरच्या या उद्यानात जंगल संपतं तिथे थेट वाळू सुरू होते, मध्ये रस्ता नाही, वस्ती नाही. हत्ती झाडीतून निघून किनाऱ्यावर येतात. तांबूस रंगाच्या जंगली म्हशी वाळूत बसलेल्या दिसतात. पाणघोडे खाडीच्या तोंडाशी समुद्राच्या लाटांत उतरतात, आणि त्या एका दृश्यावर जगभरच्या मासिकांनी पानं खर्च केली. जुलै ते सप्टेंबर समोरच्या समुद्रात हंपबॅक देवमासे, नोव्हेंबरपासून पुढे अंडी घालायला येणारी लेदरबॅक कासवं. आत जंगलात गोरिला आणि चिंपांझी.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट दिसते, जी माहितीपत्रकात नसते. लाटांनी आणून टाकलेले ओकुमेचे अजस्र ओंडके. नदीतून तराफे करून लाकूड नेताना सुटलेले हे ओंडके वाळूत रुतून बसतात, आणि अंडी घालायला वर चढणाऱ्या कासवांची वाट अडवतात. देशाचा एक धंदा दुसऱ्याच्या वाटेत कसा पडतो, हे इथे वाळूतच पाहायला मिळतं.

अडचण

गुंतवणूकदार 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इथे आला. इगेला नावाच्या खाजणाच्या काठी लॉज, जंगलात लहान तंबूवजा छावण्या, सोबत एका आंतरराष्ट्रीय संवर्धन संस्थेची आणि सरकारची भागीदारी. कल्पना सरळ होती: पर्यटकाच्या पैशातून गस्त, संशोधन आणि गावकऱ्यांचे पगार निघावेत.

पहिली अडचण पोहोचण्याची. पोर्ट-जांती ही देशाची तेलनगरी, पण राजधानीपासून तिथपर्यंत रस्ता नव्हता. लिब्रव्हिलहून विमानाने तिथे किंवा ओम्बुए या गावी, तिथून गाडी, मग बोट. राष्ट्रीय विमान कंपनी 2006 मध्ये बुडाली. 2008 मध्ये युरोपीय संघाने गॅबनमधल्या बहुतेक विमान कंपन्यांना काळ्या यादीत टाकलं. युरोपातला टूर ऑपरेटर अशा विमानाचं तिकीट आपल्या ग्राहकाला विकायला धजत नाही, विम्याचा प्रश्न येतो. आणि पाणघोडे पाहायला येणारा ग्राहक मुख्यतः युरोपातलाच होता.

दुसरी अडचण किमतीची. गॅबनचं चलन सीएफए फ्रँक युरोला घट्ट बांधलेलं आहे, एका युरोला 655.957. तेलाच्या पैशाने लिब्रव्हिलमध्ये सगळंच महाग करून ठेवलं होतं. हॉटेलं तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठी होती, कंपनी बिल भरत असल्याने दर कुणी विचारत नव्हतं. लॉजला बटाटे, डिझेल, स्वयंपाकी, बोटीचं इंजिन, सगळं या किमतीत घ्यायचं होतं. चांगला मेकॅनिक तेलक्षेत्रावर जास्त कमावत असे, तो लॉजवर कशाला येईल?

तिसरी अडचण व्हिसाची. निमंत्रणपत्र, हॉटेलची पक्की नोंदणी, वकिलातीच्या खेपा. तेल कंपनीच्या माणसासाठी हे काम कंपनीतलं कुणीतरी करून देतं. सुट्टीवर निघालेलं जोडपं हे सगळं पाहून सरळ केनियाचं तिकीट काढतं.

चौथी अडचण खुद्द जंगलाची, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं. ताडोब्यात जिप्सी रस्त्याने फिरते, पाणवठा ठरलेला असतो, उन्हाळ्यात झाडी विरळ होते. वर्षावनात दहा मीटरपलीकडचं दिसत नाही. गोरिला माणसाला पाहून पळतात. त्यांना माणसाची सवय लावायची तर रोज त्यांच्या मागावर जाणारी माणसं लागतात आणि वर्षानुवर्षं लागतात. लोआंगोत संशोधकांनी हे काम चिकाटीने केलं, पण त्याला लागणारा काळ आणि लॉजच्या कर्जाच्या हप्त्यांचा काळ जुळणारा नव्हता.

समोर असलेले पर्याय

सरकारपुढे साधारण तीन वाटा होत्या. एक, किनाऱ्यावर मोठी रिसॉर्टं बांधून संख्या वाढवणं. पण वर्षभर दमट हवा, जोरदार लाटा आणि महाग देश असताना सेनेगल किंवा केप व्हर्दशी स्पर्धा कशी करणार? ही वाट कुणी फार गंभीरपणे घेतली नाही, आणि ते योग्यच झालं.

दोन, कमी पर्यटक आणि जास्त दर. रवांडाने हेच केलं. तिथे गोरिला पाहायचा परवाना 750 डॉलरचा होता, मे 2017 मध्ये तो थेट 1,500 डॉलर केला, तरी गिऱ्हाईक टिकलं. गॅबनच्या अधिकाऱ्यांनी आणि सल्लागारांनी रवांडाचं उदाहरण पुन्हा पुन्हा दिलं. पण रवांडात किगालीच्या विमानतळावरून गाडीत बसलं की अडीच-तीन तासांत डोंगराच्या पायथ्याशी पोहोचता येतं, आणि गोरिलांचे कळप आधीच सरावलेले होते. दर लावण्याआधी तिथे वाट तयार होती.

तीन, एकदोन उद्यानांवर सगळा जोर लावणं आणि बाकीची नुसती राखणं. लोपे उद्यान ट्रान्स-गॅबन रेल्वेवर आहे, स्टेशनवर उतरून चालत जाता येतं, आणि तिथे मँड्रिल माकडांचे शेकडोंचे कळप आहेत. रेल्वे सिंगल लाइन आहे, मँगनीजच्या मालगाड्यांना वाट द्यायला प्रवासी गाडी तासन्‌तास उभी राहते हे खरं, पण ती पोहोचवते तरी.

सरकारने तोंडाने दुसरा पर्याय निवडला आणि प्रत्यक्षात कुठलाच निवडला नाही. 13 उद्यानं एकदम जाहीर झाली, सगळीकडे पर्यटन होईल असं म्हटलं गेलं. उद्यानांचा कायदा मात्र 2007 मध्ये आला, म्हणजे उद्यानांनंतर पाच वर्षांनी. लॉजला जमीन कोणत्या कराराने, किती वर्षांसाठी, शुल्क कुणाला द्यायचं, या प्रश्नांना पहिली पाच वर्षं पक्कं उत्तर नव्हतं. अशा जागी बँक पैसे देत नाही. येतो तो स्वतःचा पैसा घेऊन येणारा, थोडा वेडा माणूस.

गुंतवणूकदाराचा निर्णय

त्याच्यापुढे दोन रस्ते होते. दुसऱ्यांच्या विमानांवर अवलंबून राहायचं आणि रद्द होणाऱ्या फेऱ्यांमुळे पाहुण्यांच्या शिव्या खायच्या, किंवा स्वतःची विमानसेवा काढायची. त्याने विमानसेवा काढली.

माझ्या मते या प्रकरणातला कळीचा क्षण हाच आहे. त्या वेळी हा निर्णय चुकीचा दिसत नव्हता. पाहुणा लॉजपर्यंत पोहोचलाच नाही तर उरलेलं सगळं व्यर्थ, हे त्याला बरोबर कळलं होतं. पण लॉज चालवणारा माणूस आता देशाच्या नागरी विमान वाहतूक खात्याच्या दारात उभा राहिला. विमानाची देखभाल, वैमानिकांचे परवाने, उतरण्याची परवानगी, सुटे भाग. लॉजमध्ये एखादा बोटीचा इंजिनवाला आजारी पडला तर दोन दिवस पाहुण्यांची हौशी मासेमारी बंद राहते. विमानाचा एक कागद अडला की सगळा धंदा बंद.

2010 च्या सुमारास नेमकं तेच झालं. विमानसेवेच्या परवान्यावरून सरकारी यंत्रणेशी वाद झाला, विमानं जमिनीवर आली, आणि पाठोपाठ लॉजही बंद झाला. पुढे काही वर्षांनी तो वेगळ्या रूपात पुन्हा उघडला, पण मूळ योजनेतलं ‘पर्यटनाने संवर्धन पोसायचं’ हे गणित मोडलं होतं.

सरकारला याची झळ का लागली नाही?

इथे थोडा हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत. समजा, 20 खाटांचा लॉज आहे, वर्षभरात सरासरी 40 टक्के खाटा भरतात, आणि एका माणसाच्या एका रात्रीचे 400 डॉलर मिळतात. वर्षाची एकूण उलाढाल झाली सुमारे 11 लाख 70 हजार डॉलर. दुसरीकडे, देश दिवसाला 2 लाख पिंपं तेल काढतो आणि भाव 100 डॉलर आहे, जसा तो 2011 ते 2014 च्या मध्यापर्यंत बहुतेक काळ होता. दिवसाचं तेल झालं 2 कोटी डॉलरचं. म्हणजे लॉजची वर्षभराची उलाढाल ही जेमतेम दीड तासाच्या तेलाइतकी.

अर्थखात्यातल्या माणसाने लॉजच्या फायलीवर किती वेळ घालवावा? हा दोष कुणा एका अधिकाऱ्याचा नाही. असे वीस लॉज झाले असते तरी ते सव्वा दिवसाच्या तेलापुरते ठरले असते. मात्र त्या वीस लॉजमध्ये गावातल्या कितीतरी लोकांना काम मिळालं असतं. तेलक्षेत्राला कामाला माणसं थोडी लागतात आणि तीही बहुधा बाहेरची. पण रोजगाराचा हिशेब मांडणारं खातं वेगळं आणि पैशाचा मांडणारं वेगळं. वजन दुसऱ्याचंच असतं.

सरकारच्या वागण्यातही हे दिसत होतं. 2006 मध्ये बेलिंगाच्या लोहखनिजाचा करार एका चिनी कंपनीशी झाला, आणि त्या खाणीला वीज म्हणून इविंदो उद्यानातल्या कोंगू धबधब्यावर धरण बांधायचं ठरलं. पर्यटनासाठी राखलेल्या उद्यानातला सगळ्यात देखणा धबधबा! मार्क ओना एसांगी या गॅबनी कार्यकर्त्याने याविरुद्ध आवाज उठवला, त्याला 2009 मध्ये पर्यावरण कार्यकर्त्यांना दिला जाणारा गोल्डमन पुरस्कार मिळाला. धरण झालं नाही, आणि 2021 मध्ये इविंदो जागतिक वारसा यादीत गेलं. पण मधल्या काळात एखाद्या गुंतवणूकदाराने काय निष्कर्ष काढला असेल?

नंतर काय झालं

2009 मध्ये ओमर बोंगो वारले आणि मुलगा अली बोंगो सत्तेवर आला. ‘हिरवा गॅबन’ ही त्याच्या घोषणांतली एक होती. उद्यान संस्थेला माणसं आणि पैसे वाढले, गस्त सुधारली. ती सुधारायला हवीच होती. ईशान्येकडच्या मिंकेबे उद्यानात 2004 ते 2014 या दहा वर्षांत हस्तिदंताच्या शिकारीमुळे जवळपास 80 टक्के हत्ती गेले, सुमारे 25 हजार. तिथे पर्यटक नव्हते, लॉज नव्हते, बघणारं कुणी नव्हतं. पर्यटन असतं तर शिकारी थांबले असते असं मी म्हणणार नाही, सीमेपलीकडून येणाऱ्या सशस्त्र टोळ्या लॉजच्या गाइडला घाबरत नाहीत. पण बातमी कळायला इतकी वर्षं लागली नसती.

2014 च्या उत्तरार्धात तेलाचा भाव कोसळला, 2016 च्या सुरुवातीला तो 30 डॉलरच्या खाली गेला. आता पर्यटनाची खरी निकड होती, आणि आता पैसे नव्हते. ई-व्हिसा 2015 मध्ये आला, म्हणजे जोहान्सबर्गच्या घोषणेनंतर तेरा वर्षांनी. युरोपीय संघाच्या काळ्या यादीतून सुटका डिसेंबर 2019 मध्ये झाली आणि तीनच महिन्यांत कोव्हिड आला.

गावांकडून वेगळीच तक्रार येत होती. हत्ती कसावा आणि केळीच्या बागा एका रात्रीत साफ करतात. हत्ती मारायला बंदी, भरपाई तुटपुंजी किंवा नाहीच. ‘सरकारला माणसापेक्षा हत्ती प्यारा’ ही भावना खेड्यापाड्यांत पसरली. लॉज चालू असते तर गावातल्या कुणाचा तरी मुलगा त्याच हत्तीच्या जिवावर पगार आणत असता. हत्ती राहिले, पगार आले नाहीत.

जंगलाचा पैसा शेवटी आला, पण पर्यटकांकडून नाही. 2021 मध्ये जंगल राखल्याबद्दल नॉर्वेच्या निधीतून 1 कोटी 70 लाख डॉलर मिळाले. ऑगस्ट 2023 मध्ये 50 कोटी डॉलरच्या कर्जाची फेरमांडणी करून समुद्री संवर्धनासाठी सुमारे 16 कोटी वेगळे काढायचं ठरलं. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 30 ऑगस्टला, लष्कराने अली बोंगोंना हटवलं. हा पैसा देशाच्या तिजोरीत आणि निधींत जातो. इगेलाच्या काठावर बोट चालवणाऱ्याच्या हातात तो क्वचितच पडतो.

वेगळं काय करता आलं असतं

गुंतवणूकदाराकडून सुरू करतो. विमान लागणारच होतं, पण त्याची मालकी लागणार नव्हती. तेल कंपन्यांची चार्टर विमानं या किनाऱ्यावर रोज उडत होती. त्यांतल्या ठरावीक जागा वर्षभरासाठी आगाऊ विकत घेणं कठीण होतं, तरी विमान कंपनी चालवण्यापेक्षा सोपं. आणि लॉज उघडण्याआधी सरकारशी एका कागदावर विमान, जमीन आणि शुल्क हे तिन्ही विषय एकत्र बांधून घ्यायला हवे होते. 2007 च्या आधी तसा कागद करणारं कुणी नव्हतं, असा यावर प्रतिवाद होऊ शकतो. मग थांबायला हवं होतं, किंवा फक्त मासेमारीची छोटी छावणी चालवायला हवी होती. टार्पन मासा गळाला लावण्यासाठी पैसे मोजणारा हौशी गडी व्हिसाच्या चार खेपाही घालतो.

सरकारचं म्हणाल तर 13 उद्यानं एकदम करणं मला चूक वाटत नाही. तो क्षण गेला असता तर परवानेवाले आत शिरले असते. चूक 13 ठिकाणी पर्यटन होईल असं सांगण्यात झाली. लोपे रेल्वेमुळे आणि लोआंगो किनाऱ्यामुळे, ही दोनच निवडून व्हिसा, विमान आणि गोरिला सरावण्याचं काम पहिल्याच वर्षी हाती घेतलं असतं तर 2014 ला भाव पडला तेव्हा निदान चालणारी दोन ठिकाणं हाताशी असती. 2012 मध्ये विषुववृत्तीय गिनीसोबत आणि 2017 मध्ये एकट्याने आफ्रिकन फुटबॉल करंडक भरवायला स्टेडियमं बांधता आली. तेव्हा पैसा नव्हता असं म्हणता येत नाही.

आणि आता रबी. लोआंगोच्या दक्षिणेला गाम्बा हे गाव तेलासाठीच वसवलेलं आहे. तिथे धावपट्टी आहे, घरं आहेत, दवाखाना आहे, मोठ्या स्वयंपाकघरांत काम केलेली माणसं आहेत. 2000 नंतर एका अमेरिकी संशोधन संस्थेने तिथल्या जैवविविधतेची नोंद तेल कंपनीच्याच मदतीने केली. तेलक्षेत्रात शिरायला फाटक असल्याने शिकार कमी, त्यामुळे आतली जनावरं बुजलेली नाहीत. उत्तरेकडून बोटीने लोआंगो गाठण्याच्या खटाटोपात दक्षिणेकडचं हे दार वीस वर्षं जवळपास बंद राहिलं, कारण ते परदेशी तेल कंपनीच्या हातात होतं. 2017 मध्ये त्या कंपनीने, म्हणजे शेलने, इथला जमिनीवरचा व्यवसाय विकला, आणि 2024 मध्ये तो गॅबनच्या सरकारी तेल कंपनीने घेतला. रबीचं तेल आता उतरणीला आहे, फाटकाची किल्ली सरकारकडे आली आहे, आणि गाम्बाच्या धावपट्टीवर कोण उतरणार हे ठरवण्यासाठी आता कुणा गुंतवणूकदाराला स्वतःची विमान कंपनी काढावी लागणार नाही.